दोन डॉक्टरांची एक वही

मित्रांनो, मी एक जुनी निळी वही आहे. वय म्हणाल तर जेमतेम तीन वर्षे. पण कुणी उघडून पाहीनासे झाले की वस्तू जुनी होते.

माझा जन्म रबाळ्याच्या एका छापखान्यात झाला. माझ्या वेष्टणावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘रुग्ण एक, वही एक’. वाशीच्या एका सभागृहात आम्हा दोनशे वह्यांचे वाटप झाले. व्यासपीठावरच्या बाईंनी नवी योजना समजावून सांगितली. यापुढे रुग्णाच्या सर्व डॉक्टरांनी एकाच वहीत लिहायचे, एकमेकांचे वाचायचे, आणि मोबदला तपासण्यांच्या संख्येवर नाही, तर रुग्ण किती बरा झाला यावर ठरायचा. “तयार आहात ना?” असे त्यांनी विचारताच सगळ्या डॉक्टरांनी हात वर केले. मग जेवण झाले. आमचे किती कौतुक झाले म्हणून सांगू!

मी शिरवण्याच्या गोजराबाईंच्या वाट्याला आले. पासष्टीच्या, बोलक्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. पूर्वी गावाला एकच डॉक्टर होते. जीभ बघता बघता ते सुनेचे बाळंतपण आणि दिराची दारू, दोन्ही विचारत. अख्खे घर त्यांच्या डोक्यात असे. त्यांना वही लागत नसे. ते गेले आणि गोजराबाईंच्या साखरेला एक डॉक्टर आणि गुडघ्यांना दुसरे, अशी वाटणी झाली.

साखरेच्या डॉक्टरांनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले, ‘मूत्रपिंडे नाजूक. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत.’ त्या ओळीसाठीच आपला जन्म झाला, असे मला वाटले.

आठवड्याने गोजराबाईंनी मला कोपरखैरण्याच्या हाडांच्या डॉक्टरांपुढे ठेवले. सभागृहात पहिल्या रांगेत बसून हात वर करणारे हेच. त्यांनी मला उघडले नाही. नुसते वर लिहिलेले साखरेच्या डॉक्टरांचे नाव वाचले.

“मावशी, एका वेळी दोन घरी जेवता का? त्यांचंच ऐकायचं तर त्यांच्याकडेच जा. इथे कशाला आलात?”

दाराशी उभे असलेले रुग्ण हसले. गोजराबाईही हसल्या. डॉक्टरांनी चहाचा कप माझ्यावर टेकवला आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्याच लिहून दिल्या.

साखरेच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी पिशवीत दिसली, तेव्हा तेही कडाडले, “मला न विचारता गेलात? मग माझी गरज काय?” पण चिठ्ठीवर काय लिहिले आहे, हे त्यांनीही वाचले नाही.

त्या दिवसापासून गोजराबाई शहाण्या झाल्या. एका डॉक्टरांकडे जाताना दुसऱ्यांचे नाव काढायचे नाही. मला त्यांनी पिशवीच्या तळाशी, सुक्या बोंबलांच्या पुडीखाली सरकवले. “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?” असे साखरेचे डॉक्टर विचारत. “नाय वो, तुमचंच हाय,” असे त्या गोड हसून सांगत. मी तळातून ऐकत असे. वहीला तोंड नसते, मित्रांनो.

गोळ्यांनी गुडघे मात्र मोकळे झाले. पुतण्याच्या हळदीत गोजराबाई बेंजो पथकाच्या तालावर तासभर नाचल्या. त्यांच्या सुनेने, नमिताने, त्याचा व्हिडिओ हाडांच्या डॉक्टरांना आभार मानून पाठवला. गोळ्या आठ महिने चालू राहिल्या.

मग एका सकाळी नमिता म्हणाली, “आई, तोंड किती सुजलंय तुमचं!”

मोठ्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवी उलटी केली. मी बाहेर पडले. त्यांनी पहिले पान वाचले आणि पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटे त्याच्या शेजारी ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “आजी, ही कुणालाच का नाही दाखवलीत?”

“डाक्टर रागावतात ना, पोरी.”

आता आठवड्यातून तीनदा त्यांचे रक्त यंत्रातून धुऊन निघते. मी खाटेवर पडून असते. परवा नमिताने फोन पुढे धरला. योजनेचा वार्षिक समारंभ झाला होता. मोठ्या पडद्यावर गोजराबाई नाचत होत्या, खाली लिहिले होते ‘वेदनामुक्त रुग्ण’, आणि हाडांचे डॉक्टर शाल स्वीकारत होते.

नमिता रडू लागली. गोजराबाईंनी मात्र नळ्या लावलेला हात उचलून पडद्यावर बोट ठेवले. “बग, कशी नाचते मी!” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्याला सांगू नको हां, मी इथं येते म्हनून. बिचाऱ्याला वाईट वाटंल.”

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. मला काहीच झालेले नाही. तुमची आजी डॉक्टरांसमोर बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसा. ती लपवील ते तुम्ही मोठ्याने सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. त्यांचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.