चौकटीच्या कडेला शरयू

मार्गशीर्षातला उतरता दिवस. भोगव्याच्या किनाऱ्यावर आकाश आधी हळदीचं झालं, मग केशराचं, मग केशरात कुणी कुंकू कालवावं तसं गडद. आणि त्या रंगसोहळ्याखाली निळा, नितळ, निवांत समुद्र लाटेमागून लाट उलगडत राहिला. सुरूच्या बनातून वारा यायचा, वाळूवर रेघा ओढायचा, ओढलेल्या पुसायचा. दक्षिणेला निवतीचा ताम्रवर्णी कडा अंगभर उजळला होता. असलं ऊन फार वेळ टिकत नाही.

ते टिकत नाही हे अच्युतरावांइतकं कुणाला ठाऊक असणार? मिरजेत त्यांनी सारी हयात फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्टचे फोटो, लग्न जमवायचे फोटो, परीक्षेच्या अर्जांवरचे फोटो. चेहरे, चेहरे आणि चेहरे. मान सरळ, खांदे सैल, डोळे उघडे. चेहऱ्यांनी माणूस इतका शिणून गेला, की कुटुंबाला घेऊन कोकणात उतरला की त्याला चौकटीत माणूस म्हणून नको असे. निखळ पाणी हवं, निर्जन वाळू हवी, निरभ्र क्षितिज हवं.

त्यामुळे या घरात एक रीतच पडून गेली. अच्युतरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला की बाकीच्यांनी, न सांगता, मुकाट्यानं उठायचं आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं. लेक केतकी चालायला शिकली ती याच शिस्तीत. आणि शरयू, त्यांची बायको, तिला तर नुसती खूणही करावी लागत नसे. हातात भेळेचा कागद असो, ओल्या चपला असोत, नाही तर पेंगुळलेली पोर असो, कॅमेरा वर गेला की शरयू मागे गेलेलीच. आज त्यांच्या घराच्या भिंतींवर अख्खी किनारपट्टी टांगलेली आहे, वेळणेश्वरापासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि एवढ्या समुद्रांत एकाही समुद्राजवळ शरयू नाही.

यंदा मात्र अच्युतरावांना समुद्र नको होता. त्यांना शरयू हवी होती.

दिवाळीच्या तोंडावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. उजवा डोळा मध्यावर विझलाय. डाव्यातही मधोमध धुकं धरतंय, आणि ते वाढत जाईल. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं हरवेल. अक्षरं जातील. चेहरे जातील. अच्युतराव दवाखान्यातून बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्याले, घरी आले, आणि चष्म्याचा नंबर बदललाय एवढंच बोलले.

सांगितलं असतं तर शरयू रडली असती. आणि रडवेली शरयू डोळ्यांत साठवून पुढच्या धुक्यात शिरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हसरी हवी, सुखाची हवी, संध्याकाळच्या सोनसळी उन्हातली हवी. असा एक फोटो मोठ्ठा करून, उजेडात धरून, डोळा साथ देईल तोवर रोज बघायचा. तोपर्यंत घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. एवढाच बेत होता बिचाऱ्यांचा. गाडीला कुणाला हात लावू न देणाऱ्या माणसानं या खेपेला किल्ली आपण होऊन केतकीला दिली, तेव्हाच खरं तर मायलेकींनी ओळखायला हवं होतं. पण बाबांना आता शहाणपण सुचलं म्हणून दोघी हसल्या, आणि तेही हसले.

शरयू लाटेच्या काठाशी उभी होती. डाळिंबी साडी, वाऱ्यानं फुगलेला डाळिंबी पदर, कानामागे खोचलेली करडी बट. पाणी पायाशी येत होतं, जात होतं, आणि ती उगाचच हसत होती. तिला हाक मारायची नाही, हे अच्युतरावांनी ठरवूनच टाकलं होतं. फोटो काढतो म्हटलं की माणसाचा चेहरा कसा लाकडासारखा होतो, ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी श्वास रोखला. कॅमेरा उचलला. डावा डोळा काचेला लावला.

केशरी आकाश दिसलं. तांबूस कडा दिसला. मधोमध ते राखी, मऊ, निर्दय धुकं; आणि धुक्यात डाळिंबी रंगाची एक पुसट झुळूक. ती क्षणभर होती, मग विरली. हे धुक्याचंच काम, असं मनाशी म्हणत त्यांनी हात स्थिर ठेवला, धुक्यामागे ती उभी आहे असं धरून चालले, आणि बटण दाबलं.

"झालं गं," कॅमेरा खाली घेत ते समोर बघून लाडानं म्हणाले. "आता हललीस तरी चालेल. एकदाचा घेतला तुझा फोटो."

समोर लाट फुटली. मागे सरली. दुसरी फुटली.

"अहो," पाठीमागून आवाज आला. "मी इथं आहे. तुमच्या मागं."

कॅमेरा वर गेला होता आणि शरयू मागे गेली होती. निऱ्या उचलून, ओल्या वाळूवरून, आवाज न करता, नेहमीसारखी.

अच्युतराव वळले नाहीत. वळून करणार काय? केतकी सुरूच्या सावलीतून उठून आली, बाबांच्या हातातला कॅमेरा तिनं घेतला, मागच्या पडद्यावर पाहिलं. देखणा फोटो होता. तिन्ही सांजांचे रंग, तेजाळ कडा, लांबच लांब लखलखतं पाणी, आणि माणूस एकही नाही.

"बाबा, तुम्हाला आई गेलेली दिसली नाही?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उमगलं.

शरयू पुढे आली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं. तो आपल्याकडे बघतोय आणि तरी आपल्यापर्यंत पोचत नाहीये, हे तिला तेव्हा कळलं.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि मला सांगितलं नाहीत. एवढं पोटात ठेवून फिरायला आणलंत होय आम्हाला?" ती चिडली. मनापासून चिडली. "मी काय परकी आहे?"

"तुझा एक फोटो काढून मग सांगणार होतो," अच्युतराव म्हणाले. "अख्ख्या गावाचे काढले गं. तुझाच राहिला."

शरयूनं डोळे पुसले नाहीत. रडत होती ती, आणि रडू दिसतंय तर दिसू दे म्हणून तशीच चालत पाण्याकडे गेली. घोट्याएवढ्या लाटेत उभी राहिली. वळली. पदर सावरला, हनुवटी थोडी वर केली, आणि म्हणाली, "बघा."

त्यांनी पाहिलं. समोर, सरळ, डोळे ताणून पाहिलं. धुकं. आकाशाला चेहरा होता, पाण्याला चेहरा होता, तेवढा तिचाच नव्हता.

"सरळ बघितलं की जातेस तू," ते कसंबसं बोलले.

आणि हरून त्यांनी नजर काढून घेतली. नजर घरंगळली, तिच्या खांद्यावरून पलीकडे, दूर, क्षितिजाच्या तांबड्या रेघेवर जाऊन टेकली. तशी, डोळ्याच्या अगदी कडेला, हळूहळू, डाळिंबी उगवली. पदर आला. करडी बट आली. गालावरचं ओलं ऊन आलं. नाकातली चमकी चमकली, विझली, चमकली. पुसट होती, थरथरती होती, पण शरयू होती. सगळी होती.

"थांब," ते पुटपुटले. "तिथंच थांब."

केतकीनं कॅमेरा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

केशर मावळलं, कुंकू मावळलं, कडा काळवंडला. किनाऱ्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, कुणी म्हातारा समुद्राचं वेड लागल्यागत एकटक समुद्र बघतोय. अच्युतराव बायकोला बघत होते. आणि बायको, लाट आली तरी, लाट गेली तरी, पायाखालची वाळू सरकली तरी, जागची हलत नव्हती.