‘मक इन’ म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुना, घरगुती इंग्रजी शब्दप्रयोग आहे. माझं नाव ‘मक इन’. सुटाबुटातल्या भाषेत मला कुणी उभं करत नाही. पण हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या असोत की वॉर्डात नर्स कमी पडो, पहिली हाक मलाच. सैनिक एका भांड्यातलं वाटून खात, एका खोलीत दाटीवाटीनं राहत, तेव्हाही मीच त्यांच्या तोंडी असे. ‘मक अप’ आणि ‘मक अबाउट’ हे माझे भाऊ. एक काम बिघडवतो, दुसरा वेळ घालवतो. मी मात्र सगळ्यांना कामाला लावतो.

पण माझी खरी परीक्षा विलायतेतल्या कॉव्हेंट्रीत झाली. चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम, दीडशे माणसं जेवलेली आणि हॉलचं टॉयलेट तुंबलं. घाण पाणी पार दारापर्यंत आलं. केअरटेकर मॉरीन म्हणाली, “लेट्स ऑल मक इन.”

महिन्यापूर्वीच भारतातून नातीकडे आलेल्या कांताबाईंनी विचारलं, “काय म्हणाली गं ती?”

“आजी, सगळ्यांनी मिळून काम करायचा,” दिया म्हणाली.

“आणि मक म्हणजे?”

“मक म्हणजे... शेण. घाण.”

कांताबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढलं होतं, आणि बदल्यात शिळी भाकर, तीही वरून टाकलेली.

“मी नाही उठायची,” त्या म्हणाल्या. “इथंही घाण काढायला आपल्यालाच बोलवतात होय?”

खरं सांगतो, मी शरमलो. इतकी वर्षं मिरवलो, पण माझ्या नावाचा असा वास मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात कांताबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. मॉरीन गुडघ्यांवर बसली होती. प्रमुख पाहुण्या, सर्जन राजश्रीताई, भरजरी साडी खोचून बादलीनं पाणी उपसत होत्या. आणि गोरे कौन्सिलरसाहेब पॅंट दुमडून मॉप फिरवत होते, तोही उलटा.

“याला कुणी सांगितलं?”

“कोणीच नाय, आजी. आपणच उठायचा असतो.”

कांताबाई पदर खोचून उठल्या. “सरक रे बाबा. पाणी दाराकडे लोट, भिंतीकडे नको.”

कौन्सिलर ‘सॉरी’ म्हणत सरकले. दोघांनी शेजारी उभं राहून फरशी कोरडी केली. काय सांगू, असा मान मला कुठल्या शब्दकोशानं दिला नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. खुर्चीत बसून दुसऱ्याला ‘मक इन’ म्हणू नका. तसं म्हटलंत की मी हुकूम होतो, आणि हुकूम कांताबाईंनी उभ्या जन्मात पुष्कळ ऐकलेत.