माझ्यात पडलेले दुसरे माप

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, मित्रांनो. पिस्तुलाच्या काडतुसातून गोळी सुटून गेली, की मागे जी रिकामी उरते, ती मी. आम्हाला लोक तुडवून जातात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या व्हर्लन आजोबांनी मात्र मला नेमबाजीच्या मैदानावरच्या गवतातून उचलले, मक्याच्या भुशात घोळवून लख्ख केले आणि पुन्हा कामाला लावले. एकदा नाही, अकरा वेळा.

दर शनिवारी त्यांच्या गॅरेजात आम्ही पन्नास जणी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या राहायचो. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसायची. तोंड किंचित फाकवले जायचे, नाहीतर शिशाच्या गोळीवरचा लाल लेप खरवडला जातो आणि शिसे पिस्तुलाच्या नळीत चिकटते. मग प्रत्येकीत बारुदाचे एक छोटे माप. आजोबांचा नियम होता: मध्येच हात थांबला, तर सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

त्या शनिवारी त्यांची लेक टेसा बाळाला घेऊन दारात आली. "बाबा, हिला जरा धरता? मला अंघोळ तरी करू दे."

"दे इकडे."

"आधी हात. साबणाने, कोपरापर्यंत."

"चाळीस वर्षं शिसं हाताळतोय, पोरी. मेलो का?"

"तुम्ही नाही मेलात. ती चार महिन्यांची आहे."

पुटपुटत ते हात धुवायला गेले. मला नुकतेच माप मिळाले होते. नातीला खेळवून, झोपवून ते गुणगुणत परतले, नियम विसरले आणि पुन्हा माझ्यातच माप ओतले. ते सांडले नाही, निमूट मावले. धोका तोच होता. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात टेसा बाळंतपणानंतर पहिल्यांदा नेम धरणार होती, याच काडतुसांनी. दुप्पट बारुदाने पिस्तूल तिच्या हातातच फुटले असते. आणि मला तर हाकही मारता येत नाही.

आजोबांनी गोळ्यांची डबी उघडली, तेवढ्यात ओल्या केसांची टेसा टॉर्च घेऊन आली. "एकदा बघू दे."

"बाळ झाल्यापासून तू कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघतेस."

"चारदा."

उजेड एकेकीच्या तोंडात उतरत माझ्यापाशी थांबला. "बाबा, ही शेजारणीपेक्षा जास्त भरलीय."

आजोबा वाकले. मग त्यांनी पन्नासही पुंगळ्या रिकाम्या केल्या आणि म्हणाले, "टॉर्च इथंच राहू दे."

रविवारी माझ्यातली लाल गोळी नीट सुटली, पण माझ्या ओठाला चीर गेली. चिरलेल्या पुंगळ्या भंगारात जातात. आजोबांनी मला टॉर्चशेजारी फळीवर ठेवले.

मित्रांनो, कुणी बोलावले तर जरूर जा, बाळ काही थांबत नाही. पण परत आल्यावर "कुठवर आलो होतो" याचा अंदाज बांधू नका. आजोबा आता माप हातात घेण्याआधी मला उचलतात, आत उजेड टाकतात, मी रिकामी आहे हे बघतात. मगच पहिल्या पुंगळीकडे वळतात.