लेखक सहाच

आधीच सांगते, मला नाव हवं होतं. उगाच साधूचा आव कोण आणणार? एकोणीस वर्षं वही मी लिहिली आणि लेखक म्हणून छापणार कुणाला, तर शिंगाळा माशाला काटा कुठल्या बाजूला असतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना!

मी गुणवंती, बंदराकडच्या आमच्या लहान सरकारी दवाखान्यात सिस्टर. राहते मांडवीला. आमच्याकडे सर्दी-खोकल्याइतकेच मासा लागलेले लोक येतात. जाळं झाडताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसतो, नाहीतर ओहोटीच्या पाण्यात पाकट मासळी शेपटीचा विषारी काटा मारते. गडी कितीही दांडगा असो, आईच्या नावाने बोंब ठोकतो. उपाय सोपा. सोसेल इतक्या कढत पाण्यात हात बुडवून बसवायचं. ती कळ उष्णतेनेच उतरते. अर्ध्या तासाने तोच गडी चहा मागतो. अशा प्रत्येकाचं मी लिहून ठेवलं: नाव, मासा, जागा, कळ किती वेळाने थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. खोड म्हणा.

मागल्या वर्षी कॉलेजातून डॉक्टर वेदिका आमच्याकडे यायला लागली. पोर माझ्या लेकीच्या वयाची, पण डोकं तल्लख. वह्या चाळता चाळता खुर्चीतून उठलीच.

"सिस्टर, चारशे बारा केसेस! याचा पेपर होईल. मेडिकल जर्नलला पाठवू."

"पाठव की. माझं नाव घालशील ना गो?"

"म्हणजे काय! तुमचंच तर काम आहे."

चार महिने ती रात्रंदिवस खपली. मग लेखकांची यादी गेली तिच्या विभागप्रमुखांकडे, महिपत सरांकडे, आणि तिथे माशी शिंकली.

आमच्याकडे शिमग्यात पालखीचे मान ठरलेले असतात. पहिला नारळ कुणाचा, पुढचा खांदा कुणाचा. मानकरी बोरिवलीला राहायला गेला असला तरी तो येईस्तोवर पालखी जागची हलत नाही. सरांनी लेखकांची यादी त्याच चालीवर लावली. पहिले सर. दुसऱ्या त्यांच्या मिसेस, त्या कानाच्या डॉक्टर. आता मासा कुणाच्या कानाला चावला होता, देव जाणे. तिसरे मुंबईचे त्यांचे मित्र, चौथे उपप्राचार्य. पाचवा आकडेमोड करणारा ऋत्विक, आणि सगळा पेपर जिने लिहिला ती वेदिका सहावी. जर्नलचा नियम, लेखक सहाच. मी सातवी.

"सिस्टर, तुमचे आभार मानलेत शेवटी," वेदिका खाली बघत म्हणाली.

मी वाचलं. 'स्थानिक कर्मचारीवर्गाचे आभार.' मेल्यांनो, मी काय वर्ग आहे? संतापाने माझी कानशिलं तापली. पण पोरीला तरी काय बोलणार? तिची नोकरी सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि ती ऑर्डर निघायची सरांच्या शिफारशीने. घरी जाऊन भांडी तेवढी आदळली.

पेपर गेला. तो कॉम्प्युटरवरून पाठवायचं काम म्हणजे एक लग्नच. तक्ता असा नको, तसा लावा, हे जाहीर करा, ते कबूल करा. वेदिकाच्या तीन दुपारी त्यात गेल्या. पुढे तीन महिने चिडीचूप. जर्नलवाले दोन परक्या डॉक्टरांकडून पेपर तपासून घेतात, त्यांची नावं कुणाला सांगत नाहीत. पहिल्याने छान छान म्हटलं. दुसरा मात्र खवट. त्याने एकच विचारलं: पाणी किती गरम होतं आणि ते तुम्ही कसं मोजलं?

आणि सर जातीने आमच्या दवाखान्यात हजर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाठोपाठ पडलेल्या चेहऱ्याची वेदिका.

"गुणवंतीताई, पाणी कसं मोजायचात?" परवापर्यंत मी 'वर्ग' होते, आज ताई झाले.

"कोपराने."

"कोपराने?"

"तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं. कोपर बुडवायचं. चटका बसला तर थंड पाणी ओतायचं."

सरांनी रुमालाने मान पुसली. "हे बघा, तुम्ही थर्मामीटर वापरायचात. पंचेचाळीस अंश. दर वेळी. एवढं लिहून सही करा. मुंबईच्या मित्राला मी काढतो, त्याच्या जागी तुमचं नाव. मग तर झालं?"

छापील कागद पुढ्यात आला. त्यावर इंग्रजीत माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं. जूनमध्ये रिटायर होणार होते. मी गेले की दुसऱ्या दिवशी वह्या रद्दीत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एक सही केली की त्या कायमच्या राहणार होत्या. पंचेचाळीस काय, थोडं इकडे तिकडे असेल, कोण बघायला येतंय?

पण मला सखाराम आठवला. बुरोंडीचा खलाशी. सात-आठ वर्षांमागे त्यांची बोट आमच्या बंदराला लागली होती, हातात शिंगाळ्याचा काटा. त्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. मी कोपर न बुडवताच बादली पुढे सरकवली. मलमपट्टी करून गेला तो पुन्हा आला नाही. वहीत मी लिहिलं होतं: 'पाणी फार कढत. फोड आला. चूक माझी.'

"सर, थर्मामीटर होता तर सखारामला फोड कसा आला?"

"कोण सखाराम?"

त्यांनी वही तर नाहीच, स्वतःच्या नावाचा पेपरही वाचला नव्हता. वेदिकाने हळूच पेपरच्या तक्त्यातल्या फोडाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग हा काढून टाका," सर म्हणाले. "चारशे अकरा करा. एकाने काय होतंय?"

तिथे माझं टाळकं सटकलं. "काढून टाका? तो काय भातातला खडा आहे? माझं नाव नको आणि तुमचा थर्मामीटरही नको. पण माझ्या वहीतला माणूस काढायचा नाही, सांगून ठेवते!"

सर तणतणत गाडीत बसले. असल्या अडाणी पेपरवर आपलं नाव नको, असं त्यांनी त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. मानकरी उठल्यावर बाकीचे कशाला बसतात? मिसेस, मित्र, उपप्राचार्य, सगळे मागोमाग गेले. उरले ऋत्विक आणि वेदिका. वेदिकाने डोळे पुसले आणि बादल्या मागवल्या. मी कोपर बुडवून 'हे बरोबर' म्हणायचं, मग तिने थर्मामीटर घालायचा. वीस बादल्या केल्या. त्रेचाळीसच्या खाली नाही आणि पंचेचाळीसच्या वर नाही. तिने खरं होतं तेच लिहिलं, कोपरासकट, फोडासकट, आणि माझं नाव स्वतःच्या शेजारी घातलं.

तो खवट परीक्षक काय म्हणाला असेल? वेदिकाने मला मराठीत सांगितलं: 'या एका फोडामुळे बाकीच्या चारशे अकरांवर माझा विश्वास बसला.'

पेपर छापून आला. वेदिकाची ऑर्डर मात्र पुढे वाढली नाही. ती आता अलोऱ्याला एका खासगी दवाखान्यात बसते. वर मलाच म्हणते, वाईट वाटून घेऊ नका.

मी पेढे वाटले. ज्याच्यामुळे पेपर तरला त्याला विसरून कसं चालेल? बुरोंडीच्या एका बोटीवर निरोप धाडला. सखाराम आला. केस पिकले होते. मी मोठ्या ऐटीत कागद त्याच्यापुढे धरला.

"हे माझं नाव. आणि हा तू, बघ."

त्याने चष्मा लावला. "भाजल्याचा फोड, एक रुग्ण, शून्य पॉइंट दोन टक्के," मी मराठी करून सांगितलं.

"माझं नाव कुठाय?"

"पेशंटचं नाव छापत नाहीत रे. नियम आहे."

"असेल." त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळलेली होती, ती सरळ होईनात. "फोड चिघळला, सिस्टर. पाच महिने बोटीवर गेलो नाही. मग बोटीचा तांडेल म्हणाला, या हाताने दोर धरवणार नाही. आता कोळंबी सोलतो, बायकांबरोबर."

पेढ्याचा बॉक्स तसाच उघडा होता. त्याने पेढा घेतला, छान आहे म्हणाला, आणि पुन्हा कागदाकडे बघितलं.

"हे लिवलंय का त्यात?"

नव्हतं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.