ओढ्यातल्या शिंपल्यांची पिल्लं

"पाणदेवीच्या नावानं चांगभलं!"

१९९८ साल. विंझरजवळच्या ओढ्यावर माणसांची रीघ लागली होती. चिमाजीबाबानं लोखंडी खिळा ओढ्यातल्या कुंडात बुडवला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला आणि खिळा वर काढला. तो तांब्याचा झाला होता!

"लोखंडाचं तांबं करती, ती तुमच्या रोगाचं काय ठेवंल?" बाबा गरजला. लोक ते निळसर पाणी ओंजळीनं पिऊ लागले.

ठकुबाई बिचकत पुढं झाली. ती याच ओढ्यात शिंपले वेचायची. "बाबा, औंदा बारका शिंपला एक बी जिता न्हाई. समदी पिल्लं उघडी पडल्याती."

"देवीनं ती पिल्लं घेतली, म्हणून तुमची पोरं राखली!" बाबाकडं उत्तर तयारच असायचं.

ठकुबाईनं हात जोडले. तिची नात प्रगती पोटदुखीनं बेजार होती. तिला ती रोज हे तीर्थ पाजू लागली. पोरीला हिरव्या उलट्या सुरू झाल्या. "रोग भाईर पडतुया," बाबा म्हणाला. टेम्पोतून दवाखान्यात नेईपर्यंत पोरगी गेली.

त्यानंतर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या फौजियाबाई कुंडावर आल्या. त्यांनी सगळ्यांदेखत काचेच्या ग्लासात घरचं पाणी ओतलं, पिकावर फवारायचं मोरचूद विरघळवलं आणि खिळा टाकला. थोड्याच वेळात तोही तांब्यासारखा लाल झाला.

"मोरचूदात तांबं असतं, ते लोखंडावर चढतं. यात देवी कुठली? ओढ्याच्या वरच्या अंगाला शेड आहे, तिथं भांड्यांना तांब्याचा मुलामा देतात. तिथलं विषारी पाणी या कुंडात उतरतं. चिमाजी तिथंच राखणीला होता, त्याला हे ठाऊक आहे."

"बाई, देवी कोपंल!" बाबा ओरडला.

"कोपू द्या. तुम्ही ओंजळभर प्या बघू."

बाबा प्याला नाही. तो कधीच प्याला नव्हता, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

"थोराड शिंपला कवच मिटून काही काळ तग धरतो," बाई म्हणाल्या. "पिल्लाचा जीव कोवळा, कवच कागदासारखं. विष आधी त्याला मारतं. ठकुबाईंना शंका आली ती बरोबर होती. उत्तर खोटं मिळालं."

ठकुबाई पुढं आली. "म्हंजी… म्याच पाजलं तिला?"

फौजियाबाईंनी तिचा हात धरला.

बाबानं संध्याकाळची एसटी पकडली. शेड बंद करायला मात्र गावाला वर्षभर तहसील कचेरीचे उंबरे झिजवावे लागले.

कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे घडतं कसं? आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत लेकरांच्या तोंडाला काही लावू नका.