बाहेरून कुलूप लावलेली गल्ली

योगराज पाटलांच्या गृहकर्जाच्या फाइलीत सगळं होतं. आधार होतं, पॅन होतं, लूमच्या शेठनं फार मोठ्या मनानं दिलेला पगाराचा दाखला होता. डिंडोलीतल्या ज्या रो-हाउसमध्ये पाटील कुटुंब अकरा वर्षं भाड्यानं राहत होतं, तेच विकत घ्यायचं ठरलं होतं, त्याचं ठरलेला भाव लिहिलेलं, मालक नरेंद्रभाईंच्या सहीचं साटाखतही होतं. नव्हता तो एकच कागद. बँकेचा व्हॅल्युअर घर बघून त्याची किंमत लिहून देतो, तो.

योगराजची बायको सीताबाई दर सोमवारी बँकेत फोन करायची. सात सोमवार तिला एकच उत्तर मिळालं, "प्रोसेसमां छे."

प्रोसेस म्हटलं की सीताबाईच्या डोळ्यांपुढे पलसाण्याच्या, प्रोसेसच म्हणतात त्या रंगाईच्या मिला यायच्या. तिथं कापड एका बाजूनं आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं, ओलं का असेना, बाहेर येतं. बँकेतून नुसती वाफ येत होती.

नरेंद्रभाईंनी मुदत दिली होती आखाजीपर्यंत. अक्षय्य तृतीयेला खानदेशी माणूस आखाजी म्हणतो आणि त्या दिवशी घरात नवं काही तरी यावं असं त्याला वाटतं, हे नरेंद्रभाईंना ठाऊक होतं. आखाजीनंतर मात्र ते घर लेसपट्टीची मशिनं टाकणाऱ्या एका पार्टीला देणार होते. पार्टी रोकड घेऊन तयार होती. आखाजीला उरले होते एकोणीस दिवस.

व्हॅल्युएशन का अडलं, हे बँक सोडून सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या लोटूअण्णांच्या मते स्वयंपाकघर दक्षिणेला होतं म्हणून. कोपऱ्यावरच्या चिंधाच्या मते चहापाणी पोचलं नव्हतं म्हणून, आणि चहापाणी म्हणजे चहा आणि पाणी नव्हे, हेही त्यानं समजावून सांगितलं. योगराज स्वतः रातपाळीला जाता जाता एवढंच म्हणाला, "आपलं नशीबच तसं शे." बारा तास लूमच्या खडखडाटात उभं राहायला निघालेल्या माणसाशी नशिबावर वाद घालत नाहीत, म्हणून सीताबाईनं त्याच्या हातात डबा दिला. दुसऱ्या दिवशी साड्यांच्या गोडाऊनमधून तिनं अर्धी सुट्टी काढली आणि थेट बँकेत जाऊन बसली.

कर्ज विभागातली दीप्तीबेन स्वभावानं चांगली होती. तिनं दोनदा "थई जशे", होईल, म्हणून पाहिलं. समोरची बाई डबा उघडून जेवायला लागली, तेव्हा मात्र तिनं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. बराच वेळ वाचून ती हिंदीत म्हणाली, "बेन, वहाँ तो कोई रहता ही नहीं."

"मग मी कुठून आले?" सीताबाईनं विचारलं.

दीप्तीबेननं पडदाच तिच्याकडे वळवला. व्हॅल्युअर विकासभाई तीनदा येऊन गेले होते. तिन्ही वेळा भर दुपारी. अर्जदाराचा फोन बंद. घराला बाहेरून कुलूप. एवढंच नव्हे, तर गल्लीतल्या बावीसपैकी एकोणीस घरांना बाहेरून कुलूप. त्यांनी प्रामाणिकपणे शेरा मारला होता की वस्ती ओसाड दिसते, रहिवासी सोडून गेले असावेत, अशा ठिकाणी कर्ज देणं जोखमीचं. पुढे मुख्य कार्यालयानं विचारलं होतं की वस्ती ओसाड का झाली. याचं उत्तर कोणालाच माहीत नसल्यानं फाइल प्रोसेसमध्ये होती.

सीताबाईचा घास हातातच राहिला.

कारण ते कुलूप तीच लावत होती. त्या गल्लीतले जवळजवळ सगळे पुरुष रातपाळीचे. सकाळी आठला येतात, दोन भाकरी खातात आणि आडवे होतात. कडी आतून लावली तर कुरिअरवाला, वर्गणीवाले, भाजीवाली, सगळे दार बडवतात. म्हणून बायका कामाला निघताना नवऱ्याला आत झोपवून बाहेरून कुलूप घालतात. मागच्या परसाचं दार आतून उघडतं, तेव्हा कोंडल्याची तक्रार नाही. फोनही वाजू नये म्हणून सीताबाई तो बंद करून पिठाच्या डब्यात ठेवायची. अर्जावर नंबर त्याच फोनचा होता. घरच्या कर्त्या माणसाचा नंबर द्यावा म्हणून तिनंच तो दिला होता.

तिनं डबा बंद केला. विकासभाईंना उद्या दुपारी बाराला पाठवा, म्हणाली, आणि स्वतःचा नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या अठरा बायकांनी कामाला जाताना आपापल्या किल्ल्या सीताबाईकडे दिल्या. नवऱ्यांना यातलं काही सांगावं असं एकीलाही वाटलं नाही.

बाराला विकासभाई आले. मोजायची टेप, कॅमेरा आणि चेहऱ्यावर चौथ्यांदा आल्याचा शीण. सीताबाईनं त्यांना पाणी दिलं आणि गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. पहिलं कुलूप काढलं, दार वाजवलं. आतून लोटूअण्णा लुंगी सावरत आले आणि ऊन बघून परत जायला लागले. तिनं त्यांना उंबऱ्यात थांबवलं. दुसरं कुलूप, बनियनमधला चिंधा. तिसरं. चौथं. दहाव्या घरापर्यंत गल्लीत जत्रा भरली होती, फक्त जत्रेतला एकही माणूस जागा नव्हता.

"मोजा साहेब," सीताबाई म्हणाली. "आठे, या गल्लीत, मानसं ऱ्हातस. दिवसा झोपतात, हा गुन्हा असेल तर तसं लिहा."

विकासभाई मोजत गेले, फोटो काढत गेले. एकाही फोटोत एकाचेही डोळे उघडे आले नाहीत.

शेवटी ती स्वतःच्या दाराशी आली. कुलूप काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत योगराज भिंतीकडे तोंड करून घोरत होता. विकासभाईंनी चपला हातात घेतल्या आणि टेप त्याच्या अंगावरून धरून खोली मोजली. बाहेर लोटूअण्णा कुरकुरले, "वहिनी, गावाला उठवलं आणि आपला तेवढा झोपवून ठेवला."

"तुमचं घर विकत घ्यायचं असेल तेव्हा तुम्हाला झोपू देईन," सीताबाई म्हणाली.

अहवाल चौथ्या दिवशी आला. विकासभाई प्रामाणिक माणूस होते, ते पुन्हा प्रामाणिक राहिले. वस्ती पूर्ण भरलेली, रहिवासी नोकरदार, परिसर दिवसा अत्यंत शांत. या शांततेमुळे घराची किंमत ठरलेल्या भावापेक्षा साठ हजारांनी जास्त निघाली. नरेंद्रभाईंच्या कानावर ते गेलं आणि ते भेस्तानहून तातडीनं आले. भाव जुना झाला, म्हणाले. सीताबाईनं साटाखत काढून त्यांची सही त्यांनाच दाखवली. सही सुंदर होती. त्यांनी साटाखत घडी घालून तिला परत दिलं.

कर्ज मंजूर झालं आणि आखाजीच्या दोन दिवस आधी दस्त झाला. मालकांच्या रकान्यात पहिलं नाव सीताबाईचं लागलं, योगराजनंच तसं सांगितलं. नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर त्यानं हळूच विचारलं, "घर आपलं व्हयनं?"

"व्हयनं," ती म्हणाली. "आता झोपा."

आखाजीला तिनं नरेंद्रभाईंना जेवायला बोलावलं. खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, आमरस होता. नरेंद्रभाई वेळेवर आले. अकरा वर्षं ते महिन्याच्या पहिल्या तारखेला बुटांसकट थेट आत येऊन भिंतींची ओल तपासायचे. त्या दिवशी ते उंबऱ्याबाहेर थांबले, वाकून दोन्ही बूट काढले आणि विचारलं, "आवुं के?"

सीताबाईनं त्यांना थोडा वेळ थांबू दिलं. मग म्हणाली, "या ना, पाहुणे."