रंगाखालची चीर

त्र्यंबकशेठ तिसऱ्यांदा कान्हूशीच बोलायला लागला, तेव्हा रूपाचं डोकं फिरलं.

"शेठ, गाडी मी घेतीय. माझ्याकडं बगून बोला."

घोरावाडी स्टेशनपासून जवळच त्याचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. मधोमध ती गाडी उभी होती. मागे लांब लोखंडी हात, टोकाला माणूस उभा राहील एवढी बकेट. आधी ती रस्त्यावरचे दिवे बदलायला वापरत. रूपाला ती फांद्या तोडायला हवी होती. खंडाळ्याच्या बंगल्यांतली झाडं छाटायचं काम त्यांच्या घरात सासऱ्यापासून चालत आलेलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कान्हू सिल्व्हर ओकवरून पडला. कंबर मोडली ती पुन्हा नीट बसलीच नाही. बंगल्याच्या मालकाने दवाखान्यात सफरचंदं पाठवली आणि आठवड्याच्या आत फोन करून विचारलं, उरलेली फांदी कधी तोडताय? तेव्हापासून काम रूपा बघत होती, आणि झाडावर कान्हूचा धाकटा भाऊ लखन चढत होता.

शेठ हसला. "बरं बाई, तुम्हीच बघा. गाडी एकदम मख्खन."

रूपा गाडीभोवती फिरली, मागोमाग लखनही. सगळीकडे धूळ, पण लोखंडी हाताच्या मधल्या सांध्यावरचा पिवळा रंग ताजा आणि जाड होता. ती कामावरून तशीच आली होती. तिने पिशवीतून कोयता काढला आणि टोकाने रंग खरवडला.

"ओ! रंग कशाला खराब करताय?"

खाली वेल्डिंगचे थर होते, एकावर एक. त्यांच्या मधून केसाएवढी काळी रेघ गेली होती.

"ह्ये काय?"

"जुन्या गाडीला एवढं असतंच. काही होत नाही."

"मग चडा की बकेटमदी. वर जाऊन दावा."

"मला काय करायचंय वर जाऊन?" शेठने मागे वळून हाक मारली. "प्रदीप, चढ रे."

प्रदीप त्याचा मेकॅनिक, पन्नाशीचा माणूस. तो फडक्याला हात पुसत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "मी नाही चढत, शेठ. मागच्या वेळी चढलो तेव्हा सांध्यातनं आवाज आला होता. मी तुम्हाला सांगितलं होतं."

कान्हूने काठी सावरली आणि हळूच म्हणाला, "रूपा, घिऊन टाकू. आपण चांगलं वेल्डिंग करून घिऊ. लखन तरी झाडावरनं उतरंल."

रूपाला शेठचा आला नव्हता एवढा राग नवऱ्याचा आला. "झाडावरनं उतरंल आन् ह्याच्यावरनं पडंल! तुमाला कळतंय का काय बोलताय ते?"

प्रदीपच्या पायाशी हातोडा पडला होता. तिने तो उचलला आणि त्या रेघेवर घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला वेल्डिंगचा तुकडा उडाला आणि चीर बोटभर उघडली.

शेठ किंचाळला. "पोलिसांना बोलावतो! नुकसान भरून द्यावं लागेल!"

"बोलवा. आमी हितंच बसतो. त्यानला बी ही चीर दावायची हाय मला."

ती खरंच गाडीच्या पायरीवर बसली. लखनही शेजारी येऊन बसला. शेठने फोन कानाला लावला, थोडा वेळ नुसताच धरून ठेवला, मग खिशात टाकला. "निघा इथून."

"न्हाई. आदी त्यो हात काडून खाली ठिवा. न्हाईतर उद्या पुन्हा रंग लावून कुनाच्या तरी गळ्यात माराल."

प्रदीपने शेठला विचारलंच नाही. तो नट खोलायचे पाने घेऊन आला. दोन तास लागले. हात जमिनीवर आल्यावर रूपा उठली.

स्टेशनच्या बाकावर कान्हू म्हणाला, "मी पडलो तवा त्या मालकाला एक शबुद बोलली न्हाईस."

"तवा तुमी जगताय का न्हाई ह्येच ठावं नव्हतं." तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. "आता बोलनार. त्याला बी बोलनार."

ती बोलली. मालकाने त्यांचं काम बंद केलं, आणि शेजारच्या दोन बंगल्यांनीही.

प्रदीपची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. दिवाळीनंतर त्याने त्यांना लोणावळ्याच्या एका वायरमनची बकेटवाली गाडी दाखवली. रंग उडालेली, बुटकी; पण प्रत्येक सांधा त्याने उघडून तपासला होता. रूपाने ती घेतली. तीस फुटांपर्यंतची झाडं आता लखन बकेटमधून छाटतो. त्याहून उंच झाडाला रूपा नाही म्हणते. "दोर लावून चढा की, पूर्वी चढायचात," असं कुणी म्हणालं, की ती लखनला गाडी सुरू करायला सांगते आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत कान्हू कसा पडला ते बोलत राहते, त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.